आसियान करारानं फायदा झाला की तोटा, हे नक्की मोजतात कसं?

शिरोलीची_पोरगी

नमस्कार मंडळी. एम.ए. इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला विषय घेऊन बसलेय भारत-आसियान एफटीए (आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी आपला मुक्त व्यापार करार), म्हणजे ऑगस्ट 2009 ला सही झाली आणि 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला तो मालाचा करार. घेताना वाटलं होतं सोपं आहे, आधीचे आकडे घ्यायचे, नंतरचे घ्यायचे, वजाबाकी करायची, झालं. आता डोक्याचा भुगा झालाय.

पप्पांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतं आणि आमच्याकडे मशीनिंग होतं. तिथं चहाला जे काका लोक जमतात त्यांचं मत एकदम क्लिअर, आसियानशी आपली व्यापार तूट (आयात वजा निर्यात) 2010-11 मध्ये 5 अब्ज डॉलरच्या आसपास होती ती 2022-23 ला 43 अब्जांच्या वर गेली, म्हणजे करार बोगस. नीती आयोगाचं एक टिपण वाचलं तर त्याचाही सूर साधारण तोच, की आपली निर्यात समोरच्या देशाच्या उत्पन्नावर हलते, ड्युटी कमी झाल्यानं फारशी हलत नाही. आणि मग 2019-20 चा आर्थिक पाहणी अहवाल उघडला तर तो म्हणतो आपण ज्यांच्याशी करार केले त्यांच्याकडची एकूण मालाची निर्यात करारांमुळे 10.9 टक्के वाढली, आयात 8.6 टक्के, म्हणजे उलट फायदाच!

दोन्ही सरकारीच, मग खरं कोणाचं? तूट वाढली आणि तरी फायदा झाला, हे एकाच वेळी कसं काय होऊ शकतं? गाइड सर म्हणाले "ग्रॅव्हिटी मॉडेल लाव", आणि चहा प्यायला निघून गेले. कोणीतरी माणसाच्या भाषेत सांगा प्लीज.

बाबूराव_एमआयडीसी

पोरी, मॉडेल बिडेल सोड. आमच्या गल्लीत येऊन बघ, 2008 ला किती शॉप होती आणि आता किती आहेत. तुझ्या पप्पांना विचार. बाहेरून तयार माल येतो आमच्या कच्च्या मालाच्या भावात, यात अजून काय मोजायचं?

गणिती_गोंधळ

बाबूरावकाका, तुमचं दुखणं खरं आहे पण 2008 नंतर नुसता आसियानच आलाय का? जागतिक मंदी आली, नोटाबंदी आली, जीएसटी आला, कोविड आला, रुपया कुठला कुठं गेला. सगळ्याचं बिल एकट्या आसियानच्या नावावर कसं फाडायचं? आणि एक गंमत बघा, चीनशी आपला कुठला एफटीए नाही आणि 2024-25 ला चीनशी तूट 99 अब्ज डॉलरच्या पुढं गेली. करार नसताना. मग तूट हे कराराचं थर्मामीटर कसं मानायचं?

शिरोली, तुझा खरा प्रश्न हा आहे की *कशाच्या तुलनेत*. तू 2022 ची तुलना 2010 शी करतेयस. करायला पाहिजे ती 2022 ची तुलना अशा 2022 शी, जिथं करार झालाच नाही. आता असं 2022 कुठं बघायला मिळणार, म्हणून मग मॉडेल. पाहणी अहवालाचं म्हणणं इतकंच की करार नसता तर तूट अजून वेगळी, बहुतेक जास्त दिसली असती. ते पटवून घ्यायचं का नाही हा पुढचा भाग, पण तूट वाढली आणि करारानं थोडा फायदा झाला ही दोन वाक्यं एकमेकांच्या आड येत नाहीत. ताप 102 असताना गोळी घेतली आणि 103 झाला, गोळी नसती तर 104 झाला असता असं.

ग्रॅव्हिटी म्हणजे काही भारी नाही. टिनबर्गेननं 1962 ला मांडलं, दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराबरोबर वाढतो आणि अंतराबरोबर घटतो, न्यूटनसारखं. जगातल्या सगळ्या देशांच्या जोड्या घ्यायच्या, अनेक वर्षांचा डेटा घ्यायचा, आणि बघायचं की आकार, अंतर, भाषा, समुद्रकिनारा वगैरे सगळं धरून जेवढा व्यापार अपेक्षित होता त्यापेक्षा करार असलेल्या जोड्यांत किती जास्त आहे. तो जास्तीचा तुकडा कराराचा.

यात खड्डे तीन आहेत आणि व्हायवाला तिथंच पकडतात. पहिला, देश करार कोणाशी करतात? ज्यांच्याशी आधीच धंदा चांगला आहे त्यांच्याशी. मग व्यापार जास्त म्हणून करार झाला का करार झाला म्हणून व्यापार जास्त? म्हणून प्रत्येक जोडीला स्वतःचा फिक्स्ड इफेक्ट द्यायचा, म्हणजे त्या जोडीची कायमची खासियत आधीच बाजूला काढायची. बायर आणि बर्गस्ट्रँड यांनी 2007 ला हे नीट केलं तर सरासरी उत्तर आलं की दहा वर्षांत दोघांमधला व्यापार जवळपास दुप्पट होतो, आधीच्या लोकांचे आकडे त्यापेक्षा बरेच कमी होते. दुसरा, भारत-थायलंड व्यापार हा फक्त भारत-थायलंडमधल्या अडथळ्यांवर ठरत नाही, बाकी जगाशी दोघांचे अडथळे किती यावरही ठरतो, ते अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी 2003 ला दाखवलं, त्यासाठी निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष असे डमी (0-1 चे खुणेचे कॉलम) टाकायचे. तिसरा, कितीतरी जोड्यांत व्यापार शून्य असतो आणि शून्याचा लॉग निघत नाही, लोक सरळ त्या ओळी उडवतात आणि उत्तर वाकडं येतं, म्हणून पीपीएमएल वापर, म्हणजे लॉग न घेता शून्यासकट चालणारी पद्धत, सांतोस सिल्वा आणि तेनरेरो, 2006. हे तिन्ही केलंस तर सरांना पुढं विचारायला काही राहणार नाही.

आकडेमोड_आजोबा

बारीक दुरुस्ती. चीनशी एफटीए नाही हे बरोबर, पण आप्टा (आशिया-पॅसिफिक व्यापार करार) म्हणून एक करार आहे, जुना 1975 चा बँकॉक करार, त्यात भारत आहे आणि 2001 पासून चीनही आहे. थोड्याफार वस्तूंवर थोडीफार सवलत मिळते. मुद्दा तुमचा पडत नाही, पण परीक्षक माझ्यासारखा असला तर नेमकं हेच विचारेल.

गणिती_गोंधळ

आजोबा, मान्य. तुमच्यासारखा परीक्षक कोणाला मिळू नये 🙏

शिरोलीची_पोरगी

दादा खूप थँक्यू, पहिल्यांदा कोणीतरी कळेल असं सांगितलं. पण एक अडलं. समजा मॉडेलनं सांगितलं की करारामुळं व्यापार 30 टक्के वाढला, तर तेवढ्यावर देशाचा फायदा झाला असं लिहू का?

गणिती_गोंधळ

अजिबात नको! सगळे इथंच घसरतात. हे जेकब व्हायनरनं 1950 ला सांगून ठेवलंय. तुझ्या पप्पांच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ, आकडे मी हवेतले धरतोय.

एक पार्ट आहे. जर्मनीहून 100 रुपयांना येतो, थायलंडहून 106 ला. ड्युटी सगळ्यांना 10 टक्के. म्हणजे जर्मन पडतो 110 ला, थाई 116 रुपये 60 पैशांना. गिऱ्हाईक जर्मन घेतं, सरकारला 10 रुपये मिळतात. आता थायलंडशी करार झाला, थाई मालाला ड्युटी शून्य. थाई आता 106, जर्मन अजून 110. सगळे थाईवर गेले. गिऱ्हाइकाचे 4 रुपये वाचले, सरकारचे 10 गेले. देश म्हणून बघितलं तर आधी बाहेर 100 रुपये जात होते, आता तोच पार्ट आणायला 106 जातात. 6 रुपयांचा खड्डा. आणि पेपरात काय येणार? भारत-थायलंड व्यापाराची गरुडझेप! ग्रॅव्हिटीचा आकडाही झकास पॉझिटिव्ह येणार. याला ट्रेड डायव्हर्जन म्हणतात.

आता दुसरा सीन. तुझे पप्पा तोच पार्ट 108 ला करतात. करार नव्हता तेव्हा जर्मन 110, थाई 116.60, म्हणजे ऑर्डर पप्पांना. करार झाला, थाई 106 ला आला, ऑर्डर गेली. सरकारला आधीही ड्युटी मिळत नव्हती, आताही नाही, गिऱ्हाइकाचे 2 रुपये वाचले. याला म्हणतात ट्रेड क्रिएशन, आणि पुस्तकाच्या हिशोबात हा *चांगला* परिणाम आहे.

बाबूराव_एमआयडीसी

वा रे वा. म्हणजे आमचं शटर पडलं की तो तुमचा चांगला परिणाम, आणि शटर चालू राहून सरकार बुडालं की वाईट. कुणी लिहिलं हे पुस्तक?

गणिती_गोंधळ

काका 😅 पुस्तक असं धरतं की तुमच्या शॉपमधला ऑपरेटर, लेथ आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या कुठल्यातरी जास्त कमाईच्या कामाला लागाल. लागाल का नाही, किती वर्षांनी लागाल, हे पुस्तक सांगत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

टोरांटोतला_तात्या

ते वेगळं मोजायचं काम आमच्याकडे कॅनडात झालंय. मूळचा साताऱ्याचा, इकडं येऊन बरीच वर्षं झाली, फॅक्टरी प्लॅनिंगमध्ये आहे. कॅनडा-अमेरिका एफटीए 1 जानेवारी 1989 ला सुरू झाला, आणि डॅनियल ट्रेफलरचा 2004 चा पेपर त्यावरचा सगळ्यात वाचण्यासारखा. त्यानं देशाची एक सरासरी न काढता उद्योगाउद्योगात फरक केला, कुणाची ड्युटी जास्त कापली, कुणाची कमी. कॅनडानं जिथं स्वतःची ड्युटी सगळ्यात खोल कापली त्या उद्योगांत रोजगार 12 टक्के घटला, आणि त्याच उद्योगांची कामगारामागची उत्पादकता 15 टक्के वाढली, कारण ढिले कारखाने बंद पडले आणि बरे उरले. बाबूरावांचं शटर आणि गणितीचा फायदा, दोन्ही एकाच पेपरात, एकाच उद्योगात. मला तो पेपर आवडतो कारण त्यात कोणाचंच तोंड गोड केलेलं नाही.

आणि नाफ्टाचं, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिको कराराचं, बघायचं तर कालिएंदो आणि पारो, 2015. मेक्सिकोचा नाफ्टा देशांशी व्यापार 118 टक्के वाढला असं त्यांचं मॉडेल म्हणतं, पण मेक्सिकोच्या लोकांचं कल्याण वाढलं फक्त 1.31 टक्के, अमेरिकेचं 0.08, आणि आमच्या कॅनडाचं 0.06 टक्क्यानं कमी झालं. व्यापार किती उसळला आणि खिशात किती पडले यातला फरक बघ. शिरोली, हा एक आकडा प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर टाक, लोक दचकून पुढचं वाचतील.

आकडेमोड_आजोबा

भारतातलं हवं असेल तर पेटिया टोपालोवा, 2010. तो एफटीए नव्हे, 1991 नंतर आपण स्वतःहून ड्युट्या कापल्या त्यावर आहे, पण पद्धत घेण्यासारखी. प्रत्येक जिल्ह्यात कुठल्या उद्योगात किती लोक कामाला आणि त्या उद्योगांची ड्युटी किती घटली, यावरून जिल्ह्याला बसलेला धक्का काढला. ज्या ग्रामीण जिल्ह्यांना धक्का जास्त, तिथं गरिबी कमी होण्याचा वेग मंदावला. कारण माणसं जागची हललीच नाहीत, ना गाव सोडलं ना धंदा. पुस्तकातला ऑपरेटर दुसऱ्या कामाला लागतो, आपला तिथंच बसून राहतो.

क्लिअरिंगवाला

सगळे पेपर पेपर करताय, आता जरा गोदीतलं ऐका. मी मुंबईकडं सीएचएचं (कस्टम हाउस एजंट) काम करतो, बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, भरणं हाच धंदा. एक साधी गोष्ट कोणीच बोललं नाही. करार आहे म्हणजे तो *वापरला* असं नसतं!

आसियानच्या मालावर सवलत हवी तर फॉर्म एआय लागतो, ओरिजिन सर्टिफिकेट. माल पूर्ण तिथला नसेल तर 35 टक्के व्हॅल्यू तिथली पाहिजे आणि शिवाय एचएस सबहेडिंग (मालाचा सहा आकडी कस्टम कोड) बदललेलं पाहिजे. सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार नियम आले, आता नुसता फॉर्म दाखवून भागत नाही, माल तिथंच बनला हे कसं ठरलं ती माहिती इम्पोर्टरनं स्वतःकडे ठेवायची, पाच वर्षं. नियम आले त्याला कारणही होतं, इकडचा माल तिकडून फिरवून आणणारे महाभाग कमी नाहीत. श्रीलंकेचं आठवत असेल, त्यांच्याशी आपला करार 2000 पासून, तर तिथं पामतेलावरची ड्युटी आपल्यापेक्षा कमी म्हणून वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले, लंकेत पामचं तेल आणायचं, तूप करायचं, भारतात पाठवायचं. आकड्यात लंकेची निर्यात धडाधड वाढलेली दिसते. आपल्याकडं ड्युटीचं गणित बदललं, कोटा आला, कारखाने बसले. मिरीचंही तेच, व्हिएतनामची मिरी लंकेवरून यायला लागली म्हणून डिसेंबर 2017 ला किलोला 500 रुपये किमान आयात किंमत लावावी लागली. आता सांगा, असला व्यापार तुमच्या ग्रॅव्हिटीत पॉझिटिव्ह म्हणूनच मोजला जाणार ना?

पण त्याचा त्रास साध्या माणसाला होतो. माझा एक क्लायंट, छोटा इम्पोर्टर, थायलंडहून मशीनचा पार्ट आणतो, ड्युटी साडेसात टक्के. कन्साइनमेंट 8 लाखाची. सवलत घेतली तर 60 हजार ड्युटी आणि त्यावरचा 10 टक्के सरचार्ज 6 हजार, असे 66 हजार वाचतात, आयजीएसटीचं क्रेडिट मिळतंच म्हणून ते सोडा. सप्लायरनं फॉर्म एआयवर एक एचएस कोड टाकला आणि इनव्हॉइसवर दुसरा. झालं, क्वेरी निघाली, बाँड द्या, बँक गॅरंटी द्या, पत्रव्यवहार. कंटेनर 19 दिवस उभा. डिटेन्शन आणि डेमरेज (कंटेनर आणि जागा अडवल्याचं भाडं) मिळून वाचणाऱ्या 66 हजारातलं बरंचसं गेलं, वर त्याच्या गिऱ्हाइकाची लाइन थांबली ते वेगळंच. तेव्हापासून तो गडी म्हणतो साहेब पूर्ण ड्युटी भरा, फॉर्म नको आणि डोक्याला ताप नको. त्याचा माल आसियानचा, येतोय करार चालू असताना, पण कराराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्या मॉडेलमध्ये तो बसतो कुठं?

गणिती_गोंधळ

दादा, सलाम. मॉडेलमध्ये तो करार = 1 मध्ये बसतो, आणि हीच मॉडेलची लाज आहे. करार असेल तर 1, नसेल तर 0, एवढंच त्याला कळतं.

यावर उपाय म्हणजे वस्तू-वस्तूवर उतरायचं आणि सवलतीचं मार्जिन काढायचं, सगळ्या जगाला लागणारी ड्युटी वजा करारातली ड्युटी. मार्जिन शून्य असेल तर करारानं काहीच दिलेलं नाही. इंडोनेशियाचा कोळसा बघ, त्याच्यावर मूळ ड्युटीच किरकोळ. सिंगापूर-मलेशियाकडून येणाऱ्या कितीतरी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आयटीए (माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा) करारामुळं आधीपासून शून्य, तो डब्ल्यूटीओमधला करार, आपण 1997 ला त्यात गेलो. वीज प्रकल्पांना कोळसा लागला म्हणून आयात फुगली आणि पावती फाटली एफटीएच्या नावानं.

पामतेल तर क्लासिक आहे. आपले लातूर-अकोल्याचे सोयाबीनवाले आसियान करारावर चिडतात. करारात पामतेल स्पेशल यादीत होतं, ड्युटी हळूहळू उतरवत 2019 अखेर कच्च्या पामला 37.5 आणि रिफाइंडला 45 टक्क्यांपर्यंत आणायची होती. त्याच्या *वर* न्यायची नाही एवढंच बंधन. आणि झालं काय? 2021 ला महागाईच्या भीतीनं सरकारनं स्वतःहून कच्च्या खाद्यतेलांची मूळ ड्युटी शून्य केली, सगळ्या जगाला, सेस धरून पामवर 8.25 टक्के उरले, फेब्रुवारी 2022 ला तेही साडेपाचवर आले. सप्टेंबर 2024 ला परत 27.5 वर नेली आणि मे 2025 ला 16.5 वर आणली. यातला कुठलाच आकडा करारानं ठरवलेला नाही, करारात 37.5 पर्यंत जायची मोकळीक होतीच. शेतकऱ्याचा राग खरा, पत्ता चुकीचा.

आकडेमोड_आजोबा

आणि मुली, 2010 ला आधी-नंतरची रेघ मारणार असशील तर थांब. थायलंडशी 82 वस्तूंची अर्ली हार्वेस्ट योजना (मोठ्या कराराआधीच ठरावीक वस्तूंची ड्युटी उतरवायची) सप्टेंबर 2004 ला सुरू झाली आणि सप्टेंबर 2006 पर्यंत त्या वस्तू शून्यावर आल्या, त्यात गाड्यांचे पार्ट होते. सिंगापूरशी वेगळा करार ऑगस्ट 2005 पासून. म्हणजे तुझ्या "आधी" मध्येच करार शिरलाय. आणि "नंतर" पण एकदम आलेलं नाही, साधारण यादी 2013 आणि 2016 अशा टप्प्यांत, स्पेशल यादी 2019 पर्यंत. एकच 0-1 चा खांब रोवलास तर काय मोजतेस तेच कळायचं नाही.

अजून एक, भारताची आयात सीआयएफ (विमा-भाडं धरून) असते आणि समोरच्याची निर्यात एफओबी (ते न धरता), त्यात सिंगापूरहून दुसऱ्याचाच माल पुढं जातो. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नकोस, जुळले तर घाबर.

बाबूराव_एमआयडीसी

मग त्या इंग्लंडच्या कराराचे आकडे आधीच कसे छापून आले? अजून माल हललाही नव्हता.

गणिती_गोंधळ

काका ती दुसरी जात, सीजीई मॉडेल. अख्खी अर्थव्यवस्था समीकरणांत मांडायची, ड्युटी कमी करायची आणि बघायचं सगळं नवीन जागी कुठं जाऊन बसतं. बहुतेक जण पर्ड्यू विद्यापीठातल्या जीटॅपचा (जगभरच्या व्यापाराचा डेटाबेस) डेटा वापरतात. जुलै 2025 ला सही झाली तेव्हा ब्रिटन सरकारनं सांगितलं की त्यांच्या जीडीपीत दीर्घकाळात वर्षाला 4.8 अब्ज पौंडांची भर पडेल. ऐकायला केवढं, पण त्यांच्या अर्थव्यवस्थेत ते 0.1 टक्क्याच्या आसपास येतं. या मॉडेलात एक आकडा असतो, थाई आणि जर्मन पार्ट गिऱ्हाइकाला किती सारखे वाटतात त्याचा. तो थोडा फिरवला की उत्तर बदलतं. आणि बऱ्याच मॉडेलात बेकारी नसतेच, सगळ्यांना काम मिळतं असंच धरलेलं असतं. म्हणून मी तरी अशा आकड्यात चिन्ह बघतो, साइज बघतो, दशांश चिन्हापुढचं सोडून देतो.

शिरोलीची_पोरगी

बाप रे, झोप उडाली पण डोकं लागलं एकदाचं. आता असं ठरवलंय, सगळा आसियान नको, थायलंडच, गाड्यांचे आणि मशीनचे पार्ट, एचएस सहा आकडी पातळीवर, सुरुवात 2002 पासून म्हणजे अर्ली हार्वेस्टच्या आधीची वर्षं हातात राहतील, आणि 0-1 च्या जागी मार्जिन. जर्मनी-जपानकडून तेच पार्ट येणं कमी झालं का तेही बघणार, म्हणजे डायव्हर्जन दिसेल. जपानशी 2011 पासून आपला करार आहे हे आत्ता लिहिताना आठवलं, म्हणजे जपान जरा वेगळा ठेवावा लागेल.

क्लिअरिंगवाले दादा, कोणी सवलत वापरली आणि कोणी नाही हे कळायचा काही मार्ग आहे का?

क्लिअरिंगवाला

प्रत्येक बिल ऑफ एन्ट्रीवर ज्या नोटिफिकेशनखाली सवलत घेतली त्याचा नंबर असतो. आसियानचं 46/2011. तो दिसला तर करार वापरला, नाही दिसला तर नाही. व्यापाराची जी आकडेवारी तुम्ही लोक डाउनलोड करता त्यात हा कॉलम नसतो. पण तुझ्या पप्पांच्या ओळखीत इम्पोर्ट करणारे असतील की, त्यांच्याकडची बिलं बघ, नाव-गाव झाकून. सॅम्पल लहान असेल पण कुणाकडं नसेल असं असेल.

शिरोलीची_पोरगी

अपडेट देतेय. पप्पांच्या दोन मित्रांकडून थायलंडच्या मालाची अकरा बिलं मिळाली, एक फाइल बाबूरावकाकांनी स्वतः आणून दिली (होय, हे खरंच आमचे शेजारचे बाबूरावकाका निघाले, इथं भांडून झाल्यावर कळलं 😂). अकरापैकी चारवर 46/2011 आहे. सातांवर पूर्ण ड्युटी भरलीय. त्या सातातली तीन बाबूरावकाकांचीच आहेत.

बाबूराव_एमआयडीसी

मला कुणी सांगितलंच नव्हतं असला फॉर्म असतो म्हणून. क्लिअरिंगवाले, जरा मेसेज करा.